पत्र लिहिण्यास कारण की



वसंतातल्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र जमावे आणि कोणा एकाचे बोलणे शांतपणे ऐकून घ्यावे, ही आपल्याकडची चाल जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून मोठमोठ्या विद्वानांनी आपली विद्या या निमित्ताने लोकांपुढे ठेवली. त्या मानाने माझा आजचा विषय किरकोळ वाटेल. राज्यघटना नाही, अर्थकारण नाही, वेदान्त नाही. हाताने लिहिलेले पत्र, त्याचा कागद, त्याची शाई आणि ते लिहिण्याची रीत, एवढाच विषय आहे. चालकांपैकी एका तरुण मित्रांनी मला विचारलेसुद्धा, "सर, हे व्याख्यान आम्ही इतिहासात घालायचे की मनोरंजनात?" मी म्हणालो, "शिष्टाचारात घाला. तिथे पुष्कळ जागा रिकामी असते."

विषय सुचला तो असा. मी कोलशेतला राहावयास आलो त्याला आता काही वर्षे झाली. सँडोझ या स्विस कंपनीचा रंग आणि रसायने तयार करण्याचा कारखाना याच कोलशेतात होता. १९९५ साली त्या कंपनीतून क्लॅरियंट ही निराळी कंपनी निघाली. पुढे कारखाना गेला आणि त्या जमिनीवर उंच इमारती आल्या. तशाच एका उंच इमारतीत मी राहतो. तळमजल्यावर भिंतभर पत्रपेट्या आहेत, प्रत्येक बिऱ्हाडाची एक. आठवड्यातून एकदा मी माझी पेटी उघडतो. आत बँकेचे पत्रक असते, विम्याची सूचना असते, नव्या इमारतीची जाहिरात असते. सगळे छापील. मायना असतो 'प्रिय ग्राहक'. 'प्रिय' हा शब्द मराठीत इतका स्वस्त यापूर्वी कधी झाला असेल असे मला वाटत नाही.

आमच्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर जुने गावठाण आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंची आणि माझी मासळीच्या निमित्ताने ओळख झाली. मी मास्तर होतो हे कळल्यावर त्यांनी एके दिवशी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक आंतर्देशीय पत्र काढून माझ्या हाती दिले. त्यांचा भाऊ बोटीवर नोकरीस होता. त्याने कोणत्याशा बंदरातून परतल्यावर मुंबईहून ते लिहिले होते. भाऊ आता हयात नाही. बाईंना वाचता येत नाही. मी वाचू लागलो. घडीवर शाई पुसट झाली होती, म्हणून मधली एक ओळ मी सोडली आणि पुढे गेलो. लगेच बाईंनी मला थांबविले आणि सुटलेली ओळ जशीच्या तशी म्हणून दाखविली. त्यांना सगळे पत्र पाठ होते. मग मला प्रश्न पडला, की पाठ असलेले पत्र त्यांना कोणाकडून वाचून का घ्यावयाचे असते? त्याचे उत्तर मला अजून नीटसे देता येत नाही. परंतु आजचे व्याख्यान त्या प्रश्नातून निघाले आहे.

पत्र काय करू शकते, याचे उदाहरण शोधावयास आपणांस फार दूर जावे लागत नाही. खाडीच्या वरच्या अंगाला कल्याण आहे. त्या कल्याणच्या जोश्यांच्या घरातली यमुना वयाच्या नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी झाली. नवरा गोपाळराव जोशी, टपालखात्यात कारकून. ज्या माणसाचा दिवस दुसऱ्यांची पत्रे हाताळण्यात जात असे, त्याने स्वतः एक पत्र लिहिले. पत्नीला शिकविण्याची आपली इच्छा त्याने एका अमेरिकन मिशनऱ्यास कळविली. त्या मिशनऱ्याने तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेले मासिक त्यांनी सहज उचलले आणि त्यात हे पत्र वाचले. घरी जाऊन त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. एवढीच गोष्ट. दात दुखणारी एक बाई आणि टपालखात्यातला एक हट्टी कारकून, यांच्यामध्ये एक कागद आला.

पुढे दोघींची पत्रे सुरू झाली. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी मानू लागल्या. एकमेकींना न पाहता, बोटीच्या टपालाने, उत्तरासाठी महिनोन्‌महिने थांबून हे नाते जुळले. १८८३ साली आनंदीबाई एकट्या समुद्र ओलांडून अमेरिकेत गेल्या, तेव्हा त्या ज्या घरात उतरल्या ते घर त्यांनी आधी पत्रांतून पाहिलेले होते. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे त्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली गेली. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले तेव्हा त्यांना मोठा आधार झाला तो पत्रांचाच. ती पत्रे कोणी जपली नसती, तर या बाईच्या मनातले आपल्यापर्यंत कितीसे पोहोचले असते?

आता थोडे मागे जाऊ. आपल्याकडे पत्र लिहिणे ही एक विद्या होती. चिटणीस, फडणीस, कारकून यांचे हात त्यात वर्षानुवर्षे तयार होत. प्रथम कागद घोटावयाचा, म्हणजे गुळगुळीत दगडाने घासून तुकतुकीत करावयाचा, नाही तर शाई फुटते. काजळी आणि डिंक एकत्र खलून शाई करावयाची. बोरू तासून त्याचे टोक तिरके छाटावयाचे. मोडी लिहिताना आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढावयाची आणि मग तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, अक्षरे लोंबत ठेवावयाची. ओली शाई टिपण्यास वर बारीक वाळू टाकावयाची. मजकूर लांबला तर कागदाला कागद चिकटवावयाचा, आणि सांध्यावर शिक्का उठवावयाचा, की मधले पान कोणी बदलू नये. शेवटी मर्यादेचा लहान शिक्का; त्यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, हा त्याचा अर्थ. 'लेखनसीमा' हा शब्द किती चांगला आहे पाहा. कोठे थांबावे हे ज्याला कळते त्यालाच लिहिता येते, हे त्या कारकुनांना ठाऊक होते.

कागदही आपल्याकडे होत असे. दौलताबादेजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. हाताने कागद करणाऱ्यांची वस्ती म्हणूनच त्याला ते नाव पडले. जुन्नरचा कागद प्रसिद्ध होता. पुण्यात कसब्यात कागदीपुरा आहे. चिंध्या भिजवून कुटावयाच्या, लगदा पाण्यात कालवावयाचा, चाळणीवर त्याचा पातळ थर उचलावयाचा, वाळवून त्याला खळ लावावयाची आणि घोटावयाचा, अशी ती कृती. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा धंदा बसला. स्वदेशीच्या दिवसांत तो पुन्हा उभा करण्याचे प्रयत्न झाले, आणि १९४० साली पुण्यास हातकागद संस्था निघाली. त्या कागदाची दोन पाने आजही हातांत घेतली, तर बोटांना फरक कळतो. कापसाच्या चिंध्यांपासून केलेला कागद शंभर वर्षे सहज टिकतो. लाकडाच्या भरड लगद्याचा वर्तमानपत्री कागद मात्र उन्हात चार दिवसांत पिवळा पडतो. शाईचेही तसेच आहे. काजळीची शाई उडत नाही, म्हणून तीनशे वर्षांपूर्वीची मोडी पत्रे आज काळी कुळकुळीत दिसतात. उलट एटीएममधून आलेली पावती पाकिटात ठेवली, तर सहा महिन्यांनी कोरी निघते.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल, आपण शाळेत शाई विकत घेत नव्हतो, कालवीत होतो. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची भुकटी आणि वड्या तयार करण्याचा उद्योग सुरू केला. प्रथम घोडा छाप होता, पुढे उंट आला आणि त्या उंटाने महाराष्ट्रातल्या सगळ्या मुलांचे खिसे निळे केले. दौतीत टाक बुडविताना तो किती बुडवावा, काठावर किती निथळावा, याचे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते सदरा खराब करून आणि आईचे बोलणे खाऊन मिळत असे.

टपालाची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण तिचा एक धागा ठाण्यातून जातो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास आली. पुढच्याच वर्षी टपालाचा कायदा होऊन अर्ध्या आण्याचे तिकीट आले. पाव तोळ्याचे पत्र ठाण्याहून कल्याणला जावो की कलकत्त्याला, दर एकच. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड निघाले. उघडे पत्र नोकरचाकर वाचतील, वडीलधाऱ्यांना असले पत्र पाठविणे उद्धटपणाचे होईल, अशा शंका देशोदेशीच्या प्रतिष्ठितांनी काढल्या. गरिबांना त्या शंका परवडण्यासारख्या नव्हत्या. मुंबईच्या गिरणीतला कामगार कोकणात मनिऑर्डर पाठवी, आणि तिच्या कुपनावरच्या दोन बोटे जागेत खुशाली, शेताची चौकशी आणि येण्याची तारीख, सगळे बसवी. ज्याला लिहिता येत नसे तो मुंबईच्या मोठ्या टपालकचेरीबाहेर ताडपत्रीखाली बसणाऱ्या पत्रलेखकांकडे जाई. आणि ज्या सहा आकड्यांनी पत्र आज बिनचूक गावी पोहोचते, तो पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर या टपालखात्यातल्या मराठी अधिकाऱ्यांनी योजला आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. वेलणकर हे संस्कृतचे पंडित आणि कवी. पत्ता बिनचूक असावा ही तळमळ अशाच माणसाला असावयाची.

आता शिष्टाचाराकडे वळतो. आमच्या लहानपणी मायना पाठ करावा लागे. जन्मदात्या वडिलांना 'तीर्थरूप', आणि वडिलांच्या ठिकाणी असलेल्या इतरांना 'तीर्थस्वरूप'. हा भेद चुकला तर काका पत्राच्या मजकुरापेक्षा मायन्यावरच अधिक बोलत. वडिलांना 'शि. सा. न. वि. वि.', बरोबरीच्यांना 'स. न. वि. वि.', धाकट्यांना 'अनेक उत्तम आशीर्वाद'. मग क्षेमकुशल, मग 'पत्र लिहिण्यास कारण की', आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा'. आजच्या मुलांना याचे हसू येते. मी त्यांना सांगतो, हसा, पण त्यातली युक्ती पाहा. लिहिणाऱ्याला पहिल्याच ओळीत ठरवावे लागे, की समोरचा माणूस आपला कोण लागतो. नाते ठरल्याशिवाय मजकूर सुरूच होत नसे. आज आपण नाते न ठरविताच बोलावयास लागतो, आणि निम्मी भांडणे तेथे सुरू होतात.

तथापि जुन्यातले सगळेच ठेवावे असे मी म्हणणार नाही. विधवा स्त्रीच्या नावामागे 'गं. भा.' लिहिण्याची रीत होती. पाकिटावर ती दोन अक्षरे लिहून आपण त्या बाईचे दुःख पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना सांगत असू. शिष्टाचार म्हणजे दुसऱ्याला न दुखविण्याची काळजी, असे असेल तर हा शिष्टाचार कसला? 'श्रीमती' हा शब्द सर्वांना पुरतो. उलट, मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या पत्रावर 'श्री' लिहीत नसत आणि ते पत्र वाचून फाडून टाकीत, या रीतीत मला समजूतदारपणा दिसतो. वाईट बातमी घरात जपून ठेवू नये, हा तिचा भाव होता.

तर आजच्या माणसाने काय पाळावे? मी आपल्यापुढे काही गोष्टी ठेवतो. पटतील त्या घ्या.

वर गाव आणि तारीख घालावी. आज तुम्हांला ती अनावश्यक वाटेल. पन्नास वर्षांनी पत्र उघडणाऱ्या नातवाला तीच प्रथम हवी असेल. आरंभी 'वेळ मिळाला नाही' असे लिहू नये. वेळ मिळाला नाही याचा अर्थ, तो इतरांना दिला, असाच वाचणारा करतो. प्रथम त्याची चौकशी, मग आपली हकीकत. अक्षर सुंदर नसले तरी सुटे आणि सुवाच्य असावे. गांधीजींना आपल्या वाईट अक्षराची आयुष्यभर खंत होती आणि ती त्यांनी आत्मकथेत सांगितली आहे. पण म्हणून त्यांनी पत्रे लिहिणे थांबविले नाही. आलेल्या पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूवर ते लिहीत. कागद भारी असावा लागत नाही, हे त्यावरून ध्यानात घ्यावे. लोकमान्यांना मंडालेच्या तुरुंगात सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल एवढ्यावर त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. कागदाचा शोक, म्हणजे हौस, मलाही आहे. दुकानात चांगला कागद दिसला की माझा हात खिशाकडे जातो. परंतु हौस आणि गरज यांतला भेद ओळखावा.

आभाराचे पत्र आठवड्याच्या आत जावे, आणि त्यात वस्तूचे नाव असावे. 'भेट मिळाली, आभारी आहे' यापेक्षा 'आंबे परवा पिकले, त्यांतले दोन शेजारी दिले' हे देणाऱ्याला अधिक गोड लागते. रागाचे पत्र अवश्य लिहावे, मात्र रात्रभर उशाखाली ठेवावे. सकाळी ते बहुधा टाकवत नाही. दुसऱ्याचे पत्र वाचू नये, आणि आपल्याला आलेले पत्र लिहिणाऱ्याला विचारल्यावाचून चारचौघांत पसरू नये. पत्राचा फोटो काढून घरच्या गटावर टाकणे हे मला पत्र फोडण्याइतकेच वाईट वाटते. १७४१ साली कवी पोप यांनी आपली पत्रे परस्पर छापणाऱ्या प्रकाशकाला इंग्लंडच्या न्यायालयात खेचले, तेव्हा न्यायाधीशांनी असा निवाडा दिला, की पत्र ज्याला आले त्याचा कागद खरा, पण शब्दांवर हक्क लिहिणाऱ्याचा. कायद्याला जे इतक्या आधी उमगले, ते आपल्याला घरच्या घरी उमगावयास हरकत नाही.

सर्वांत कठीण पत्र सांत्वनाचे. हल्ली कोणाच्या घरी मृत्यू झाला की फोनवर हात जोडल्याचे चित्र पाठवितो आणि मोकळे होतो. ज्याला पाठविले त्याच्याकडे तशी दोनशे चित्रे जमतात. त्यांतले एकही तो पुन्हा पाहत नाही. सांत्वनाच्या पत्रात तत्त्वज्ञान नको. आत्मा अमर आहे हे त्या घराला त्या दिवशी सांगू नये. गेलेल्या माणसाची आपल्याला ठाऊक असलेली एखादी लहानशी गोष्ट लिहावी. 'तुमचे वडील मला एकदा स्टेशनपर्यंत छत्रीत पोहोचवावयास आले होते', एवढे पुरे. त्या घरातल्या माणसांना ती गोष्ट ठाऊक नसते. तुम्ही त्यांना त्यांच्या माणसाचा एक तुकडा परत देता. मदत करणार असाल तेवढीच लिहा. आणि उत्तराची अपेक्षा नाही, हेही लिहा.

आता उत्तराविषयी. इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगावीच लागेल. ती सांगताना मला बरे वाटत नाही.

गावच्या शाळेत आम्हांला मराठी शिकविणारे एक गुरुजी होते. माझे अक्षर त्यांनी घडविले. मी मास्तर झालो तो त्यांच्यामुळे. निवृत्त झाल्यावर ते गावीच राहिले. एके वर्षी त्यांचे चार पानी पत्र आले. हात कापत असल्याचे अक्षरांवरून दिसत होते. मागणे काही नव्हते. शाळेजवळच्या आंब्याला मोहर आला आहे, अमुक मुलगा आता पंच झाला आहे, तू हल्ली काय वाचतोस, असेच सारे. मला फार आनंद झाला. इतका, की अशा पत्राला साध्या कागदावर उत्तर देऊ नये असे मी ठरविले. मुद्दाम जाऊन हातकागदाचा सुंदर जुडगा आणला, जोडीला पाकिटे आणली, पेनाची निब धुऊन ठेवली. मग निवांत वेळ हवा होता. परीक्षा आल्या, त्यांच्या मागे पेपर तपासणे आले, त्यांच्या मागे घरातले एक लग्न आले. जुडगा कपाटात राहिला. आठ महिन्यांनी गुरुजी गेल्याची बातमी आली. मी गावी गेलो, तेव्हा त्यांच्या सूनबाई सहज म्हणाल्या, "पोस्टमन दारावरून गेला की मामंजी विचारायचे, मुंबईचं काही आहे का रे?" त्यांनी ते मला टोचावे म्हणून सांगितले नाही. मी उत्तर दिले नव्हते, हे त्यांना ठाऊकही नसावे.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्याच्यावर मला काही लिहवत नाही. त्या दिवसापासून मी एक नियम केला. पत्र आले की आठ दिवसांत उत्तर, मिळेल त्या कागदावर. चांगला कागद हा चांगल्या पत्राचा शत्रू होऊ शकतो. आपण ज्या गोष्टीला मान द्यावयाचा म्हणून थांबतो, तिचा त्या थांबण्यानेच अपमान होतो. त्या दिवशी पोस्टकार्डावर 'पत्र मिळाले, फार आनंद झाला, सविस्तर मागून लिहितो' एवढ्या दोन ओळी मी लिहिल्या असत्या, तर आज मी आपल्यापुढे अधिक ताठ मानेने उभा राहिलो असतो.

आपल्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, की हे म्हाताऱ्याचे उसासे आहेत. कोलशेतमधल्या आईला टोरांटोमधल्या मुलाचे तोंड रोज फोनवर दिसते. ते सोडून तिने महिनाभर पत्राची वाट पाहावी काय? मुळीच नाही. फोनने जे दिले ते मोठे आहे. जिला वाचता येत नाही, तिलाही फोनवर बोलता येते. तिचे पत्र आता तिसऱ्याला वाचावे लागत नाही. हा लाभ मी कमी लेखीत नाही. डोंबिवलीहून गर्दीच्या गाडीत एका पायावर उभा राहिलेला माणूस अंगठ्याने खुशाली कळवितो, ती त्याने शाई-दौत घेऊन कळवावी असे म्हणणे वेडेपणाचे होईल. बातमी फोननेच द्यावी. परंतु बातमी देणे आणि पत्र लिहिणे या दोन गोष्टी आहेत. साने गुरुजींनी पुतणी सुधा हिला लिहिलेली 'सुंदर पत्रे' आजही वाचली जातात. जी. ए. कुलकर्णी धारवाडला माणसांपासून दूर राहिले, आणि सुनीताबाई देशपांड्यांना पत्रांतून मोकळेपणाने भेटले. समोरासमोर जे बोलवत नाही, फोनवर जे हसण्यावारी जाते, ते कागदावर लिहिता येते, कारण लिहिताना मध्ये कोणी बोलत नाही. आणि वाचणाराही आपल्या सवडीने, आपल्या एकांतात, हवे तितक्या वेळा ते ऐकतो.

गावठाणातल्या बाईंना पाठ असलेले पत्र का वाचून घ्यावयाचे असते, याचे थोडेसे उत्तर मला यात दिसते. शब्द त्यांच्याजवळ आहेतच. पण भावाचा हात ज्या कागदावरून फिरला, तो कागद उघडला जातो, तेव्हा तो घरी येऊन बसल्यासारखे त्यांना होत असावे. यंत्राची सारी अक्षरे सारखी. हाताचे अक्षर एकाचे दुसऱ्यासारखे नसते, आणि माणूस गेल्यावर ते पुन्हा कोणाला काढता येत नाही.

काळ थांबत नाही. आपल्याकडे तार १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली. रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात मिळविले गेले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या टपालसंस्थेने वर्षअखेर पत्रे वाटण्याचे काम सोडून देत असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे मात्र पोस्टकार्ड अजून आहे, आणि ते पन्नास पैशांना मिळते. पन्नास पैशांत आज दुसरे काय मिळते, हे आपण मला सांगा.

तेव्हा माझी आपणांस एवढीच विनंती आहे. प्रत्येकाच्या मनात एक तरी माणूस असा असतो, की ज्याला आपण लिहावयाचे राहिलो आहोत. शाळेतल्या बाई असतील, गावाकडची आत्या असेल, रागावून दूर झालेला भाऊ असेल. आत्ता व्याख्यान ऐकताना ज्याचे नाव आपल्या मनात आले, त्यालाच लिहा. कागदाची वाट पाहू नका, सवडीची वाट पाहू नका, सुचण्याची तर मुळीच पाहू नका. वर तारीख, कोलशेत हे गाव, माणसाला शोभेल असा मायना, आणि खाली 'पत्र लिहिण्यास कारण की' एवढे लिहा. कारण पुढे आपोआप सुचते. न सुचले, तर आठवण झाली हेच कारण.

 आभाराचे पत्र आठवड्याच्या आत येईलच. बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ आहात. येथे मी माझी लेखनसीमा करतो.